गाडीतील विजेचा बिघाड : आधी मोजमाप, मग दुरुस्ती

सकाळी कामावर निघण्याच्या घाईत किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसता 'टिक-टिक' आवाज यावा, हा अनुभव बहुतेक वाहनमालकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. बॅटरीवाल्याला बोलावले जाते, नवी बॅटरी बसते आणि गाडी सुरू होते. आठवडाभराने पुन्हा तोच आवाज येतो. मग डायनॅमो उतरवला जातो, त्यानंतर सेल्फची पाळी येते. हजारो रुपये खर्च झाल्यावर लक्षात येते की, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीच गंजलेली होती. ती बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ होता. मात्र तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

आजच्या मोटारींमध्ये इंजिनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक काम विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर अवलंबून असते. तिच्यात बिघाड झाला की अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याची पद्धत ग्राहकाला महागात पडते आणि अनेकदा मूळ दोष तसाच राहतो. हे टाळण्याचा मार्ग एकच आहे. भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करणे आणि दोष नेमका कोठे आहे, हे सिद्ध करणे. त्यासाठी यंत्रणा कशी चालते आणि तपासणीचा योग्य क्रम कोणता, याची माहिती मेकॅनिकप्रमाणेच वाहनमालकालाही असणे हिताचे ठरते.

वायरींकडून संदेशांकडे

मोटार विजेवर सुरू करण्याची सोय १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत आली. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेल्या या सेल्फमुळे हँडल मारण्याचा त्रास संपला. त्यानंतर अनेक दशके गाडीतील वीज म्हणजे बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, दिवे, भोंगा आणि वायपर एवढाच पसारा होता. पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडरच्या काळातील वायरमन एका टेस्ट लॅम्पच्या साहाय्याने संपूर्ण गाडीची वायरिंग तपासू शकत असे. बटणापासून दिव्यापर्यंत एक वायर जात असे. ती तुटली तर दिवा बंद, जोडली तर चालू, इतका तो सरळ हिशेब होता.

पुढे इंधन, ब्रेक, एअरबॅग, काचा, वातानुकूलन अशा प्रत्येक कामासाठी स्वतंत्र नियंत्रक आले. या नियंत्रकांना ईसीयू किंवा मोड्यूल म्हटले जाते. प्रत्येकासाठी वेगळी वायर टाकायची, तर वायरींचे ओझेच प्रचंड झाले असते. त्यावर उपाय म्हणून जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये 'कॅन' ही पद्धत जगासमोर मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून सर्व मोड्यूल परस्परांशी बोलतात, असे तिचे स्वरूप आहे. १९९० च्या दशकापासून ही पद्धत मोटारींमध्ये रुजली आणि आज ती जवळजवळ सर्वत्र वापरली जाते.

या बदलाचा दुरुस्तीवर मोठा परिणाम झाला. तक्रार एका ठिकाणी दिसते आणि दोष भलत्याच ठिकाणी असतो. ब्रेकच्या पेडलजवळील स्विचचे उदाहरण घेता येईल. या एका स्विचच्या माहितीवर मागचा लाल दिवा, एबीएस, क्रूझ कंट्रोल आणि ऑटोमॅटिक गिअरची कांडी, असे सारेच अवलंबून असू शकतात. तो स्विच बिघडला, तर 'गिअर पार्कमधून निघत नाही' अशी तक्रार घेऊन ग्राहक येतो. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी ब्रेकचा दिवा लागतो की नाही, एवढे पाहिले, तरी पुढचा बराच खटाटोप वाचतो.

पहिली तपासणी बॅटरीची

डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे अनेक दिवे एकाच वेळी लागले, तर सर्व यंत्रणा एकदम बिघडल्या असे मानण्याचे कारण नाही. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की मोड्यूल गोंधळतात आणि चुकीच्या तक्रारी नोंदवतात. म्हणूनच कोणत्याही तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे.

गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.६ असते. १२.२ आढळल्यास ती निम्मी उतरली आहे आणि १२ च्या खाली असल्यास जवळजवळ रिकामी आहे, असे समजावे. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येणारच. मात्र ते ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंग कमी-अधिक करतो. अशा गाडीत क्षणभर १३ च्या खाली आकडा दिसला, म्हणून लगेच डायनॅमो सदोष ठरवू नये. दिवे आणि पंखा चालू करून पुन्हा मोजावे.

सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये वारंवार सेल्फ सहन करणारी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी बसवल्यास ती लवकर निकामी होते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरद्वारे संगणकात करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

गुन्हेगार अनेकदा अर्थिंगच

विजेला जाण्याइतकाच परतण्याचाही मार्ग लागतो. मोटारीत हा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा आणि त्याला जागोजागी जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी. या जोडाखाली गंज किंवा रंगाचा थर आला की अडथळा निर्माण होतो. कोकणातील खारी हवा आणि घाटमाथ्यावरील पाऊस यांत हे जोड विशेष लवकर खराब होतात. हेडलाइट मंद लागणे, एका बाजूचा इंडिकेटर दिला असता दुसराच दिवा मिणमिणणे, ब्रेक दाबल्यावर टेललाइट विझणे ही त्याची ठळक लक्षणे होत.

अडथळा किती लहान असला तरी पुरतो, हे हिशेबाने पाहता येते. ५५ वॉटच्या हेडलाइटमधून साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. त्याच्या मार्गात केवळ अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तरी सुमारे दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. सेल्फला तर शंभराहून अधिक अँपिअर लागतात. तेथे याच्या कितीतरी पट कमी अडथळाही इंजिन फिरू देत नाही.

अनेक मेकॅनिक अशा वेळी मल्टिमीटर ओहमवर लावून वायर तपासतात आणि ती 'ठीक' असल्याचा निर्वाळा देतात. ही तपासणी फसवी असते. जाड केबलमधील एकच तार शिल्लक असली, तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. प्रत्यक्ष भार आल्यावर मात्र त्या एका तारेतून प्रवाह जाऊ शकत नाही. म्हणून खरी कसोटी चालू भारावरच घ्यावी. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावे आणि दुसऱ्या व्यक्तीस सेल्फ मारण्यास सांगावे. मीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा कमी आकडा आल्यास अर्थिंग चांगले आहे. एक-दोन व्होल्ट दिसले, तर दोष तेथेच आहे. याच रीतीने बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फपर्यंतची केबलही तपासता येते. कोणतीही वायर न सोडता, पाच मिनिटांत होणारी ही चाचणी बॅटरी आणि सेल्फ विनाकारण बदलण्यापासून वाचवते.

रात्रीतून बॅटरी उतरते तेव्हा

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना थोडी वीज लागतेच. सर्व मोड्यूल 'झोपल्या'नंतर हा प्रवाह साधारणतः ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असावा. तो ५०० मिलिअँपिअर झाला, तर ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दोन दिवसांत २४ अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा संपतो. शनिवार-रविवार उभी राहिलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हा चोरटा प्रवाह शोधताना घाई उपयोगाची नाही. दरवाजे आणि बॉनेट बंद करून, किल्ली गाडीपासून दूर ठेवून किमान अर्धा तास थांबावे. काही गाड्यांत मोड्यूल पूर्ण झोपण्यास याहून अधिक वेळ लागतो. त्यानंतर बॅटरीच्या केबलभोवती सूक्ष्म डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून आकडा पाहावा. मल्टिमीटर मधे जोडून मोजायचे असल्यास त्या अवस्थेत सेल्फ मारू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो.

प्रवाह जास्त असल्यास एकेक फ्यूज काढून पाहण्याची जुनी पद्धत आजच्या गाडीत अडचणीची ठरते. फ्यूज काढला-घातला की झोपलेले मोड्यूल जागे होतात आणि मोजमाप बिघडते. त्याऐवजी फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजावेत. ज्या फ्यूजवर शून्याहून अधिक आकडा दिसेल, त्या सर्किटमधून वीज वाहत आहे, हे निश्चित. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डॅशबोर्डवरील कॅमेरा, म्युझिक सिस्टिमचा अॅम्प्लिफायर, डिकीतील न विझणारा दिवा, चिकटलेला रिले किंवा डायनॅमोतील फुटका डायोड, यांपैकी काहीतरी बहुधा हाती लागते.

कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो. स्टिअरिंगखालील सोळा पिनांचे हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. भारतात २०१० नंतर बीएस-४ मानकांबरोबर ही स्वयंनिदान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि तिची कक्षा दुचाकींपर्यंत विस्तारली.

स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडचे पहिले अक्षर यंत्रणा सांगते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर, 'सी' म्हणजे ब्रेक व स्टिअरिंगसारख्या चासीवरील यंत्रणा, 'बी' म्हणजे बॉडी आणि 'यू' म्हणजे मोड्यूलमधील संपर्क. 'पी०३०१' हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचे सांगतो. त्यामागे स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकते. ताप मोजला म्हणून रोग कळत नाही, तसेच कोड वाचला म्हणून दोष कळत नाही.

'पी०१७१' या कोडबाबत तर हा घोटाळा हमखास होतो. मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक आहे, असा त्याचा अर्थ. ही माहिती ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून तो महागडा सेन्सरच बदलला जातो. वस्तुतः त्याने आपले काम चोख बजावलेले असते. फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब हे खरे दोषी असण्याचा संभव अधिक.

सेन्सर सदोष की वायर, हे ठरवण्याची एक सोपी रीत पाहण्यासारखी आहे. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या दोन वायरींच्या सेन्सरबाबत 'पी०११३' हा कोड आला आणि स्कॅनरवर तापमान उणे ४० अंश दिसले, असे समजू. महाराष्ट्रात असे तापमान संभवत नाही. अर्थात सर्किट कोठेतरी तुटलेले आहे. सेन्सरचा कप्लर काढून त्यातील दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात. स्कॅनरवरील तापमान एकदम शंभर अंशांच्या पुढे गेले, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक आहेत, सेन्सर बदलावा. आकडा उणे ४० वरच राहिला, तर नवा सेन्सर घालूनही उपयोग नाही. दोष वायरमध्ये, कप्लरच्या पिनेत किंवा क्वचित ईसीयूमध्ये आहे. ही चाचणी केवळ अशा दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करावी. तीन वायरींच्या सेन्सरवर ती केल्यास नुकसान होऊ शकते.

कोड पुसण्याची घाईही टाळावी. कोड नोंदवला गेला त्या क्षणी वेग, तापमान, इंजिनाचे फेरे काय होते, याची नोंद संगणक जपून ठेवतो. कोड पुसला की तो पुरावाही जातो. म्हणून आधी सर्व नोंदी लिहून घ्याव्यात किंवा त्यांचे छायाचित्र घ्यावे.

मोड्यूल बोलेनासे झाले तर

'यू' मालिकेचे कोड आले किंवा स्कॅनरच जोडला जात नसेल, तर मोड्यूल बदलण्यापूर्वी कॅनच्या दोन वायरी तपासाव्यात. या वायरींच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. त्यामुळे बॅटरी सोडून सोळा पिनांच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजल्यास साधारण ६० ओहम मिळतात. १२० ओहम आल्यास एका बाजूची वायर किंवा रोधक तुटला आहे. शून्याच्या जवळ आकडा आल्यास दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत सॉकेट आणि मुख्य जाळे यांच्यामध्ये गेटवे मोड्यूल असते. तेथे हे आकडे लागू पडत नाहीत, म्हणून कंपनीचा वायरिंग आराखडा हाताशी असावा. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचे व्होल्टेज आणि ४ क्रमांकाच्या पिनेवर अर्थिंग मिळते का, हेही पाहावे. सिगारेट लायटरचा फ्यूज उडाल्यामुळे स्कॅनर चालत नसल्याची उदाहरणे थोडी नाहीत, कारण काही गाड्यांत दोन्हींचा फ्यूज एकच असतो.

ईसीयू खरोखर बदलावा लागलाच, तर भंगार बाजारातून आणलेला जुना ईसीयू तसाच बसवून गाडी बहुधा सुरू होत नाही. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी त्याची जुळणी करावी लागते. म्हणून आधी त्याला मिळणारी वीज आणि अर्थिंग भारावर तपासून घ्यावे.

पाऊस, उंदीर आणि चिकटपट्टी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अनेक गाड्यांत मोड्यूल आणि कप्लर गालिच्याखाली किंवा आसनाखाली असतात. पाणी ओसरल्यावर गाडी वरून कोरडी दिसते. मात्र कप्लरच्या पिनांवर हिरवट गंज चढत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी विचित्र बिघाड सुरू होतात. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. बॅटरी सोडावी आणि गाडी ओढून न्यावी. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर हेही वायरी तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

तुटलेली वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. इंजिनाच्या उष्णतेने पट्टीचा गोंद वितळतो आणि आत पाणी शिरते. तेवढ्याच जाडीची वायर घेऊन योग्य स्लीव्हने क्रिम्प करावी आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. कॅनच्या वायरींना मूळचा पीळ कायम ठेवावा, कारण बाहेरील विद्युत गोंगाट त्यामुळेच रोखला जातो.

फ्यूजबाबत तडजोड तर कधीच करू नये. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा, असे रंग ठरलेले आहेत. फ्यूज वायरचे रक्षण करतो. लाल फ्यूज वारंवार उडतो, म्हणून तेथे हिरवा घातला की फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग लागू शकते. जास्त वॉटचे दिवे, मोठे भोंगे आणि अॅम्प्लिफायर मूळ वायर सोलून जोडणे हाही असाच धोका आहे. चासीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडण्याची खबरदारी मालमोटारींच्या चालकांनी विशेषत्वाने घ्यावी.

जेथे हात लावू नये

एअरबॅगच्या वायरी आणि कप्लर सहसा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांवर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावल्यास एअरबॅग फुटून गंभीर इजा होऊ शकते. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. गाडी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली राहते. १००० व्होल्टचे प्रमाणित हातमोजे आणि रीतसर प्रशिक्षण यांशिवाय तेथे काम करणे जिवावर बेतू शकते. गंमत अशी की, विजेवरील मोटार 'सुरू'च होत नसेल, तर बहुतेकदा दोष मोठ्या बॅटरीत नसून तिच्यातल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असतो. तेथेही सुरुवात मल्टिमीटरनेच होते.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकबरोबरच ऑटो इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स आणि विजेवरील वाहनांचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. टेस्ट लॅम्पवर हयात घालवलेल्या वायरमनच्या हातातील कसब आजही मोलाचे आहे. त्याला मल्टिमीटर, वायरिंग आराखडा आणि स्कॅनर यांची जोड मिळाली, तर कोपऱ्यावरचे छोटे गॅरेजही मोठ्या वर्कशॉपच्या तोडीचे निदान करू शकते. निदानात घालवलेल्या तासाचे पैसे देण्याची तयारी मात्र ग्राहकानेही ठेवायला हवी. ते पैसे मिळत नाहीत, म्हणूनच भाग विकण्याकडे कल वाढतो.

वाहनमालकांनी हे विचारावे

• बॅटरीचे व्होल्टेज बंद गाडीत, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना किती आले?
• नेमका कोणता कोड आला? तो पुसण्यापूर्वी लिहून घेतला आहे का?
• हा भाग सदोष असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरवले?
• त्या भागापर्यंतची वायर, कप्लर आणि अर्थिंग तपासले का?
• काढलेला जुना भाग परत मिळेल का?
• बॅटरी सोडताना ऋण टोक आधी काढले जाते आणि जोडताना शेवटी लावले जाते ना?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर गाडी योग्य हातात आहे, असे समजण्यास हरकत नाही. 'बदलून पाहू' एवढेच उत्तर मिळाले, तर बदलण्यापूर्वी आणखी एक मत घ्यावे.